आधी धुराची सोय

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, की कात्रजचा बोगदा मागं पडतो न पडतो तोच पाट्या सुरू होतात. चुलीवरची मिसळ, चुलीवरचं मटण, चुलीवरचा चहा. मध्येच एखादा धाडसी 'चुलीवरचं पनीर मंचुरियन' लिहून मोकळा होतो. हॉटेलाच्या दर्शनी भागात शेणानं सारवलेली, रांगोळीचे ठिपके दिलेली चूल. तिच्यापुढं नऊवारीतल्या एक मावशी. आणि मावशींपुढं मोबाइल धरून उभे असलेले आपण. हात धुवायला मागच्या अंगाला गेलं, की तिथं 19 किलोचे निळे सिलिंडर ओळीनं उभे दिसतात. खरा स्वयंपाक त्यांच्यावर चाललेला असतो. चूल असते ती पाटी खोटी ठरू नये म्हणून.

चुलीला सध्या जे दिवस आलेत, ते ती घरोघरी पेटत होती तेव्हाही नव्हते. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यातल्या बाईला चुलीपुढून उठवून गॅसपुढं उभं करायचं काम सरकारनं अंगावर घेतलं. बाई उठली. ती उठते न उठते तोच तिची रिकामी झालेली जागा पुण्याच्या माणसाच्या नजरेत भरली.

आमचे साडू त्या माणसांच्या पहिल्या फळीतले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी मुळशीकडे अकरा गुंठे घेतले, त्यावर टुमदार घर बांधायला काढलं आणि जाहीर केलं, की या घरात चूल असणार. अंगणात शोभेला ठेवलेली नव्हे, स्वयंपाकघरातली, पेटती. का, असं विचारलं की माणूस बघून उत्तर मिळे. मित्रांना ते भाकरीची चव सांगत, डॉक्टरांना मंद आचेवर टिकणारी जीवनसत्त्वं सांगत आणि आमच्या मेहुणीला सांगत, "आईला बरं वाटेल गं." ही आई म्हणजे आक्का. माण तालुक्यातल्या गावी अख्खी उमर चुलीपुढं काढून, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेऊन, आता त्या पुण्यात मुलाकडे गॅसवर सुखानं पिठलं हलवत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर हा लेख इथंच संपला असता.

घरात चूल बसवणं वरवर पाहता फार सोपं. तीन दगड मांडले, मध्ये काटक्या सारल्या, काडी लावली, झाली चूल. माणसानं हजारो वर्षं दुसरं काही केलं नाही. पण ते तीन दगड एक तर उघड्यावर होते, नाही तर अशा घरात होते ज्याला धुराचं वावडं नव्हतं. उलट जुन्या घरात धुराला भरपूर कामं होती. धाब्याच्या घरात तो चुलीवरच्या साण्यातून वर जाई. कौलारू घरात कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे आणि जाता जाता वाशांची कीड मारी, माळ्यावरच्या बियाण्याला धुरी देई, आढ्याला टांगलेली कणसं राखी, कोकणात सुकी मासळी टिकवी. घरातल्या बायकांचे डोळेही तो जाता जाताच घेऊन जाई, पण ती नोंद घराच्या जमाखर्चात कुणी करत नसे.

मग स्लॅब आला. स्लॅबला फट नाही. खिडक्यांना सरकत्या काचा, काचांना डासांची जाळी, दाराला खालून रबरी पट्टी. धुराची सगळी कामं गेली आणि बेकार झालेल्या माणसाप्रमाणे तो घरातच बसून राहू लागला. त्यामुळं आजच्या घरात चूल बसवायची म्हणजे खरं तर चूल बसवायचीच नसते. धुराला बाहेरचा रस्ता बसवायचा असतो. त्या रस्त्याच्या खालच्या टोकाला जे भोक उरतं, त्याला चूल म्हणायचं. साडूंच्या घराचं काम मात्र भोकापासून सुरू झालं.

पहिलं चित्र इंटिरियरवाल्या तरुणानं आणलं. उभ्यानं वापरायची चूल, खाली काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, मागं सागवानी फळ्यांची भिंत, वर पीओपीचं छत आणि छतात पिवळे दिवे. संगणकावरचा जाळ अप्रतिम होता. तव्यावर भाकरीदेखील फुगलेली होती. धूर तेवढा नव्हता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, धूर दाखवला तर क्लायंटला डिझाइन आवडत नाही."

गवंड्यानं ते चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं आणि तंबाखू मळत म्हणाला, "सायेब, ग्रॅनाइट तडकनार." का तडकणार ते त्यानं सांगितलं नाही, कारण त्याच्या धंद्यात ते सांगायची रीत नाही. पण कारण सरळ आहे. जाळाखालचा दगड तापून फुगतो, शेजारचा थंडच असतो, आणि दोघांच्या ओढाताणीत चीर जाते. साध्या काँक्रीटचं त्याहून वाईट. त्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि वरचे टवके उडतात. नदीतले गोल गुळगुळीत धोंडे हौसेनं आणून चुलीला लावणारेही असतात. ते धोंडे पाणी पिऊन आलेले असले तर तापल्यावर फुटतात, आणि फुटताना समोर कोण बसलंय हे बघत नाहीत. म्हणून जाळाच्या अंगाला माती नाही तर भट्टीत वापरतात ती फायर ब्रिक, हे शहाणपण. मागची सागवानी भिंत ऐकून तर गवंडी नुसता हसला. "भिंत कशाला, तेच जळान म्हनून वापरा."

दुसरे आले वास्तुसल्लागार. होकायंत्र ठेवून त्यांनी आग्नेय कोपरा शोधला आणि अग्नी तिथंच हवा असं सांगितलं. त्या कोपऱ्यात माळ्यावर जायचा लाकडी जिना होता. मग जिना हलवायचा की अग्नी, यावर दोन रविवार गेले. सल्लागारांकडे अग्नीची दिशा होती, पाण्याची होती, तिजोरीची होती. धुराची नव्हती. मुळशीला पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा पावसाला घेऊन आडवा येतो आणि बुटक्या नळीच्या तोंडावर बसला की आतल्या धुराला उलटा खाली दाबतो. ही माहिती त्या गावातल्या कुठल्याही गुराख्याकडे फुकट होती. पण गुराख्याला फी नसल्यामुळं त्याला कुणी विचारलं नाही.

धुराचा विषय अगदीच टळेना तेव्हा साडू मला घेऊन इलेक्ट्रिक चिमणीच्या दुकानात गेले. विक्रेता उत्साही होता.

"सर, हॉब किती बर्नरचा?"

"एकच. फार तर दीड. बाजूला वैल आहे."

"ब्रँड?"

"माती."

त्यानं मान हलवली. असला ब्रँड ऐकलेला नसावा. लाकडाची चूल आहे हे कळल्यावर मात्र त्यानं प्रामाणिकपणे हात जोडले. ही चिमणी फोडणीच्या वाफेसाठी असते. तिच्या जाळीत तेल साठतं आणि चुलीतून उडालेली एक ठिणगी त्या तेलात गेली की चिमणीच पेटते. शिवाय ज्या चिमणीची नळी भिंतीबाहेर काढलेली नसते, ती आणखी मजेशीर. ती हवा आत ओढते, कोळशाच्या गाळणीतून फिरवते आणि आदरानं पुन्हा त्याच स्वयंपाकघरात आणून सोडते. कितीतरी फ्लॅटांत अशी चिमणी वर्षानुवर्षं गुणगुणत असते आणि खाली सगळे समाधानानं खोकत असतात.

या टप्प्यावर साडूंची पुतणी मदतीला आली. ती इंग्लंडात लीड्सला असते आणि तिनं तिथल्या जुन्या विटांच्या घरात लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह बसवून घेतला होता. साडूंनी तिला व्हिडिओ कॉल लावला, अपेक्षा अशी की ती स्टोव्ह दाखवेल. तिनं चिमणी दाखवली.

"काका, बसवणारा माणूस पहिल्या दिवशी स्टोव्ह आणतच नाही. तो आधी चिमणी झाडायला लावतो. मग तिच्यात धुराची कांडी पेटवतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या हुंगत फिरतो. जुन्या चिमणीला आतून चीर असली तर धूर बेडरूममध्ये निघतो ना."

इंग्लंडात बांधकामाच्या एकेका अंगाला एकेक नियमपुस्तिका आहे आणि प्रत्येकीला एक अक्षर. इमारतीच्या मजबुतीला ए, विजेला पी, जाळाला जे. या 'जे'मध्ये काय नाही? ज्या स्टोव्हखाली जमीन तापते, त्याच्याखाली न जळणाऱ्या दगडाचा किंवा काँक्रीटचा चौथरा हवा, कमीत कमी 840 मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद. धुराची उघडी नळी लाकडापासून निदान तिच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर. स्टोव्ह 5 किलोवॉटपेक्षा मोठा असला तर बाहेरची हवा आत यायला कायमचं भोक, आणि तेही थंडी वाजते म्हणून कुणी फडका कोंबून बंद करू शकणार नाही असं. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा, स्टोव्हपासून 1 ते 3 मीटरच्या अंतरात. एवढं झालं की घरात एक पाटी लावायची: चौथरा कुठं, चिमणी कसली, काम केव्हाचं. काम करणारा नोंदणीकृत कारागीर असला तर तो प्रमाणपत्र देतो. तो नसला तर नगरपालिकेचा माणूस बघून जातो.

"एवढं?" साडू म्हणाले. "आपल्याकडे नुसती काडी लावतात."

"इथंही काडीच लावतात, काका. हे सगळं काडीच्या आधीचं आहे."

इंग्रज जात्याच शहाणे म्हणून हे झालं असं समजायचं कारण नाही. डिसेंबर 1952 मध्ये घराघरांतल्या आणि कारखान्यांतल्या कोळशाचा धूर धुक्यात मिसळून पाच दिवस लंडनच्या छाताडावर बसला. तेव्हाच्याच हिशेबानं चार हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढच्या अभ्यासकांनी आकडा बराच वाढवला. मग 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांत धूरबंदीचे पट्टे आखले गेले. 2021 पासून तर इंग्लंडात सरपणाच्या लहान गठ्ठ्यांमध्ये 20 टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. म्हणजे आपल्याकडे दुधात पाणी मोजतात, तिकडं लाकडात.

असे सगळे सल्ले जमा झाल्यावर एका रविवारी आक्का जागा बघायला आल्या. आम्ही पाचसहाजण त्यांना चुलीची नियोजित जागा दाखवत होतो. आक्कांनी खाली बघितलंच नाही. त्या मान वर करून छताकडे बघत राहिल्या.

"आरं, धूर कुठनं जायाचा?"

इंटिरियरवाल्यानं मोबाइल काढला. साडूंनी माझ्याकडे बघितलं. गवंड्यानं मात्र आक्कांना बसायला खुर्ची आणून दिली. साइटवर अधिकारी माणूस आलाय हे त्याला बरोबर कळतं.

आक्कांचा अधिकार पुस्तकी नव्हता. त्यांच्या घरी निर्धूर चूल येऊन गेलेली होती. या चुलीमागं शहाण्या माणसांनी डोकं कमी झिजवलेलं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल झाली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये धुराविना स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली. 1980 च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच काढला आणि 2002 मध्ये तो आवरेपर्यंत देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या. आपल्याकडे डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेनं लक्ष्मी चुलीसारखे नमुने तयार केले आणि तशा चुली घालायला गावातल्या कारागिरांना शिकवलं. तत्त्व सगळ्यांचं एकच. जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याखाली न्यायचा, तिथली ऊब वापरायची आणि उरलेला धूर नळीनं छपरावर सोडायचा. नळीतली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिच्यामागं चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते, आणि फुंकणीचं निम्मं काम नळी करते.

तत्त्वाला नाव ठेवायला जागा नाही. आक्कांचं म्हणणं तत्त्वाबद्दल नव्हतंच.

"पावणं, तिचं त्वांड एवढंस्सं. त्यात बाभळीचं लाकूड शिरंना. आन् भाकरी? तव्यावरनं काढून आराला कुठं लावायाची? जागाच न्हवती. मग म्या खुरप्यानं त्वांड वाढीवलं."

खुरप्यानं तोंड वाढवल्यावर नळीची ओढ गेली. नळी तशीही छपराच्या वर नव्हती. ती वळचणीखाली संपत होती. धूर मागच्या बाजूनं बाहेर पडून वाऱ्याबरोबर पुढच्या दारानं परत घरात येई. नळी झाडायची असते हे बसवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, त्यामुळं वर्षभरात ती काजळीनं बुजली. दुसऱ्या भोकावर थंडीत मांजर झोपू लागलं. शेवटी चूल मोडली आणि नळी न्हाणीचं पाणी परसात सोडायला कामी आली. सरकारदरबारी मात्र ती चूल 'बसवलेली' म्हणून कायम आहे. उठवलेल्या चुलींचा रकाना त्या कागदावर नव्हता.

ज्या दशकात सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम निघाला, त्याच्याच सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रं लावली आणि त्यांच्या श्वासातला धूर मोजला. आकडे बघून तज्ज्ञांना धक्का बसला. बायकांना बसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2020 या एका वर्षात घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुरानं जगात सुमारे 32 लाख माणसं गेली. चुलीची चव सांगणाऱ्या कुठल्याही व्हिडिओत हा आकडा नसतो, कारण व्हिडिओ काढणारा वाऱ्याच्या बाजूला उभा असतो.

त्या रविवारपासून कामाची सूत्रं आक्का, गवंडी आणि लीड्सची पुतणी यांच्या हातात गेली. साडूंकडे पैसे देण्याचं खातं राहिलं.

चूल आग्नेय कोपऱ्यातून उठून बाहेरच्या भिंतीला आली, जिथून नळी सरळ वर जाऊ शकेल. आक्कांचे गुडघे खाली बसण्यापलीकडे गेलेले, म्हणून विटांचा भरीव ओटा झाला, त्यावर फायर ब्रिकचा थर आणि त्यावर मातीची चूल. लाल माती, शेण, भाताचं तूस. आक्कांनी स्वतः हात घालून बघितल्याशिवाय गवंड्यानं गोळा उचलला नाही. तूस का, तर नुसती माती वाळताना आकसते आणि फाटते. तोंडाचं माप टेपनं न घेता आक्कांच्या हातानं घेतलं गेलं: एक वीत चार बोटं रुंद, म्हणजे लाकूडही शिरेल आणि निखारे पुढं ओढून भाकरी त्यांच्याकडे तोंड करून उभी करता येईल. चूल सावलीत वाळू दिली. भेगा पडल्या की आक्का पोतेरं फिरवायच्या, पुन्हा पडल्या की पुन्हा.

नळी 150 मिलिमीटरची घेतली. 'जे'च्या हिशेबानं लाकडापासून अंतर 450 मिलिमीटर, म्हणून माळ्याची एक फळी कापावी लागली. इंटिरियरवाल्याला ती नळी दिसायला नको होती. दोन वळणं देऊन कपाटामागून काढू, असं त्याचं म्हणणं पडलं. पुतणीनं लीड्सहून आणि आक्कांनी खुर्चीवरून एकाच वेळी 'नको' म्हटलं. धुराला वळणं सोसत नाहीत. वळणावर त्याचा वेग मोडतो, तो थंड होतो आणि चिकट काजळी तिथंच थापून ठेवतो. ही काजळी साधी नसते. ती साठत जाते आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की नळीच्या आत पेटते. म्हणून नळी सरळ, छताच्या सगळ्यात उंच भागाच्याही वर काढलेली, तोंडावर पावसासाठी टोपी, साळुंक्यांनी घरटं करू नये म्हणून मोठ्या भोकांची जाळी, आणि खाली झाडण्यासाठी एक लहान झाकणाचं दार. स्लॅबमधून नळी जाते तिथं भोवती मोकळी जागा आणि न जळणारं भरण. समोरच्या दाराची रबरी पट्टी आक्कांनी स्वतः उपटली. आत हवा आली नाही तर धूर बाहेर जाणार कुणाच्या जिवावर?

जळणाची तपासणीही झाली. साडूंनी सुतारकामातले प्लायवूडचे आणि सनमायकाचे तुकडे हौसेनं रचून ठेवले होते. ते बाद, त्यातला डिंक आणि रंग जळाले की काय हुंगावं लागेल ते सांगता येत नाही. कुंपणाची छाटलेली कण्हेर होती. ती तर आक्कांनी लांबूनच ओळखून बाहेर टाकायला लावली, कारण कण्हेरीचा धूरही विषारी. पावसाळ्यात तोडलेलं आंब्याचं ओलं लाकूड एक उन्हाळा थांबायला गेलं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळतं आणि मग वेळ उरला तर तुमचं. राहिली वाळलेली बाभूळ आणि तुराट्या. राखेसाठी झाकणाचं पत्र्याचं डबडं आलं, कारण राखेखाली निखारा रात्रभर जिवंत असतो आणि प्लॅस्टिकच्या कचरापेटीला ते माहीत नसतं.

एवढ्यात साडूंना आणखी एक कल्पना सुचली. थंडीत रात्री चुलीतले निखारे शेगडीत भरायचे आणि शेगडी बेडरूममध्ये ठेवून दार लावून झोपायचं. "सेंट्रल हीटिंग," ते म्हणाले. यावर आक्का पहिल्यांदा रागावल्या. बाळंतिणीच्या खाटेखाली ओव्या-बाळंतशेपांची धुरी देऊन त्यांनी अनेक बाळंतपणं काढली होती, पण शेगडी आत असताना दार कधी लावलं नव्हतं. निखाऱ्यांना धूर दिसत नाही म्हणून माणूस फसतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बंद खोलीतल्या शेगडीच्या बातम्या येतात. त्या खोल्यांतली माणसं खोकत उठत नाहीत, उठतच नाहीत. साडूंनी गुपचूप भोंगा मागवला.

मग परीक्षेचा दिवस आला. तिकडच्या पद्धतीत शेवटची चाचणी अशी: सगळी दारं-खिडक्या लावायच्या, घरात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो चालू करायचा, स्टोव्ह पेटवायचा आणि धूर खोलीत येतो का बघायचं. पुतणीनं ती फोनवर समजावून सांगितली. आक्का म्हणाल्या, "व्हय, तेच. पर म्होरं मानूस बसाय पायजे." आणि त्यांनी मुलाकडे बोट केलं.

साडू चुलीपुढं उभे राहिले. अंगात नायलॉनचा ट्रॅकसूट होता, तो बदलून सुती शर्ट घालायला लावला. थंड नळी पहिल्यांदा धूर घेत नाही म्हणून आक्कांनी झाडायच्या दारातून पेटता कागद आत सारून तिला ऊब दिली. मग तुराट्या, मग बाभूळ. जाळ धरला आणि नळीतून घुमल्यासारखा आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी फुंकणी उचलली आणि फुंकायच्या आधी भरपूर श्वास घेतला, दुर्दैवानं फुंकणीतूनच. ते सावरेपर्यंत आक्कांनी दार लावलं आणि एक्झॉस्ट पंख्याचं बटण दाबलं. हा पंखा साडूंनी 'जादा सुरक्षा' म्हणून स्वखर्चानं बसवला होता. पंख्यानं खोलीतली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली, आणि बंद खोलीत हवा यायला सगळ्यात सोपी वाट उरली ती नळीची. धूर वर जाता जाता थबकला, वळला आणि साडूंच्या चेहऱ्यावर आला.

"आई, दार!"

"भाकरी टाक आधी," आक्का बाहेरून म्हणाल्या.

पंखा त्याच दिवशी निघाला. त्याच्या भोकात खालच्या अंगाला उघडी जाळी बसली, हवा आत यायला. दुसऱ्या परीक्षेत धूर नळीनं गेला तो परत फिरला नाही. साडूंनी दोन भाकऱ्या केल्या, त्यातली एक गोल होती. भोंगा वाजला नाही.

या सगळ्यातून माझं एक मत झालं आहे आणि ते मी शासनाला फुकट द्यायला तयार आहे. ज्याला घरात, हॉटेलात किंवा रिसॉर्टवर चूल बसवायची असेल त्यानं आराखडा, वास्तू, बजेट हवं ते करावं. पण चुलीचा दाखला इंजिनियरच्या सहीवर देऊ नये. ज्याला चुलीची हौस आली त्याला दार लावून तिच्यापुढं उभा करावा, जेवायला जितकी माणसं बोलावलीत तितक्यांच्या भाकऱ्या करायला लावाव्यात, आणि बाहेर आल्यावर त्याचे डोळे बघून सही करावी. यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. निदान चुली घालण्याआधी धुराचा विचार होईल, किंवा हौस तरी फिटेल. दोन्हीनं हवा सुधारते.

संध्याकाळी साडू तोंड धुऊन आले. चूल ऐटीत जळत होती, खोलीत धुराचा मागमूस नव्हता. ते आक्कांजवळ बसले आणि भरल्या गळ्यानं (फुंकणीचा परिणाम अजून होताच) म्हणाले, "आई, आता इथं आलं की रोज चुलीवरची भाकरी!"

"कर की," आक्का म्हणाल्या. "मला दोन पुरं."